गोव्याची लोकसंख्या आणि मतदानाचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या निवडणुकीवर महाराष्ट्रात जेवढे बोलले जाते, त्यातले बरेचसे ऐकीव असते. ‘ख्रिस्ती बहुसंख्य’, ‘मराठी भाषक अल्प’, ‘पक्षांतराचे राज्य’ ही वाक्ये वर्षानुवर्षे तशीच फिरत राहतात. गोव्याचे मतदान कळायचे असेल तर अख्ख्या राज्याची टक्केवारी बाजूला ठेवून तालुका आणि मतदारसंघ पाहावा लागतो. खालची उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

गोव्याची लोकसंख्या नेमकी किती?

२०११च्या जनगणनेनुसार १४,५८,५४५. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, त्यामुळे ‘आता गोव्यात अमुक लाख लोक’ असे कुणी सांगितले तर तो अंदाज समजावा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

वाढीचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९६१ साली ५,८९,९९७ लोक होते. १९७१ साली ७,९५,१२० झाले, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ ३५ टक्के वाढ. मुक्तीनंतर सरकारी कचेऱ्या आल्या, खाणी आणि बंदराचे काम वाढले, शाळा उघडल्या आणि बाहेरून माणसे आली. पुढे वेग मंदावत गेला. २००१ ते २०११ या दशकात वाढ ८.२३ टक्क्यांवर उतरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, १.३ निघाला. हा दर देशातल्या सर्वांत कमी दरांपैकी आहे, म्हणजे आता जी वाढ होते तिच्यात स्थलांतराचा वाटा मोठा असणार. शहरी भागात राहणारे ६२ टक्क्यांहून अधिक आहेत.

उत्तर गोवा मोठा की दक्षिण गोवा?

इथे हमखास चूक होते. जनगणनेच्या तक्त्यात उत्तर गोवा ८,१८,००८ आणि दक्षिण गोवा ६,४०,५३७ असे आकडे आहेत. पण तेव्हा फोंडा तालुका उत्तरेत होता. जानेवारी २०१५ मध्ये तो दक्षिणेला जोडला गेला. फोंड्याचे १,६५,८३० लोक इकडचे तिकडे केले की उत्तर ६,५२,१७८ आणि दक्षिण ८,०६,३६७ होते. चित्र पार उलटते. जुना आकडा आणि नवी हद्द एकाच परिच्छेदात वापरणारे लेख सर्रास सापडतात.

लोकसभेची हद्द आणखी वेगळी. फोंडा तालुक्यातला प्रियोळ मतदारसंघ उत्तर गोवा लोकसभेत मोडतो, तर फोंडा, शिरोडा, मडकई दक्षिणेत. म्हणून जिल्ह्याचे आकडे लोकसभा मतदारसंघाला जसेच्या तसे लावू नयेत.

तालुक्यांत सासष्टी सर्वांत मोठा (२,९४,४६४), त्याखालोखाल बार्देश (२,३७,४४०) आणि तिसवाडी (१,७७,२१९). काणकोण सर्वांत लहान, ४५,१७२.

गोव्यात ख्रिस्ती बहुसंख्य आहेत ना?

नाहीत. २०११ साली हिंदू ६६.०८ टक्के, ख्रिस्ती २५.१० टक्के आणि मुस्लिम ८.३३ टक्के होते.

गैरसमज होतो तो पर्यटकांच्या वाटेमुळे. पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी सोळाव्या शतकात घेतले. आजचा मुरगाव तालुका तेव्हा सासष्टीतच होता. या झाल्या जुन्या काबिजादी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे आणि काणकोण त्यांच्या हाती आले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा काळ सरला होता. त्यामुळे नव्या काबिजादींत हिंदूंचे प्रमाण भरघोस आणि चर्चेस, किनारे, विमानतळ हे सगळे बहुतांशी जुन्या काबिजादींत. जिल्हावार पाहिले तर २०११च्या हद्दीप्रमाणे उत्तर गोव्यात ख्रिस्ती १६ टक्क्यांच्या आसपास, दक्षिणेत ३६ टक्क्यांच्या आसपास. एकट्या सासष्टीत प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे, आणि सासष्टीच दक्षिणेतला सर्वांत मोठा तालुका. गोव्याच्या निवडणुकीतले निम्मे कोडे इथेच सुटते.

मग ख्रिस्ती लोकसंख्या घटते आहे का?

टक्का घटला आहे, माणसे घटलेली नाहीत. १९९१ साली ३,४९,२२५ (२९.८६ टक्के), २००१ साली ३,५९,५६८ (२६.६८ टक्के), २०११ साली ३,६६,१३० (२५.१० टक्के). संख्या हळूहळू वाढली, पण इतरांची जास्त वेगाने वाढली. लहान कुटुंबे, आखातात, जहाजांवर आणि युरोपात गेलेले लोक, आणि शेजारच्या राज्यांतून आलेले कामगार ही त्याची कारणे. टक्केवारी एवढीच छापून ‘घट’ असा मथळा देणे चुकीचे आहे.

मराठी भाषक किती? अकरा टक्केच असतील तर गोव्यात मराठी वर्तमानपत्रे कोण वाचते?

२०११ साली मातृभाषा कोंकणी सांगणारे ६६ टक्क्यांच्या आसपास, मराठी सांगणारे ११ टक्क्यांच्या आसपास. हिंदी, कन्नड आणि उर्दू त्याखाली.

जनगणना मातृभाषा विचारते, वाचनाची भाषा विचारत नाही. घरात कोंकणी बोलणारा, पण शाळा मराठीतून शिकलेला, सकाळी मराठी दैनिक उघडणारा, देवळात मराठी भजन म्हणणारा आणि जत्रेला मराठी नाटक बसवणारा गोमंतकीय हिंदू जनगणनेच्या तक्त्यात कोंकणी रकान्यात जातो. तो मराठीपासून तुटला असा त्याचा अर्थ नाही. उलट, मराठीची सांस्कृतिक पकड पाहून हे सगळे मराठी भाषक असे धरणेही तितकेच चूक. या दोन्ही बाजूंच्या घाईने १९६० ते १९८७ या काळात गोव्यात फार कटुता निर्माण झाली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी झालेल्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतली कोंकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली. रोमी (रोमन) लिपीतल्या कोंकणीला तो दर्जा मिळाला नाही. ती मागणी आजही उभी आहे.

जातींचे आकडे कुठे मिळतील?

अनुसूचित जाती आणि जमातींचे मिळतात : २०११ साली अनुसूचित जाती २५,४४९ (१.७४ टक्के), अनुसूचित जमाती १,४९,२७५ (१०.२३ टक्के). बाकीच्या जातींचे जनगणनेतले आकडे उपलब्ध नाहीत. भंडारी समाज हा हिंदूंमधला सर्वांत मोठा गट मानला जातो आणि तिकीटवाटपात त्याचा विचार होतोच. २०२२ साली आम आदमी पक्षाने मुख्यमंत्रिपदाचा चेहरा जाहीर करताना उघडपणे हेच गणित मांडले. पण भंडारी, मराठा, सारस्वत यांची म्हणून जी टक्केवारी फिरते ती कार्यकर्त्यांची असते. २०२७च्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे, तेव्हा काही ठोस हाती येईल.

अनुसूचित जमाती दहा टक्के आहेत, तर त्यांना विधानसभेत राखीव जागा का नाहीत?

गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला २००३ साली. मतदारसंघांची फेररचना मात्र २००१च्या जनगणनेवर बेतलेली होती आणि त्या जनगणनेत ही माणसे जमाती म्हणून मोजलेलीच नव्हती. परिणामी चाळीस जागांत फक्त पेडणे अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि जमातींसाठी एकही नाही. ही त्रुटी दूर करण्यासाठीचे विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केले. वीस वर्षे एका समाजाला केवळ तारखांच्या क्रमामुळे थांबावे लागले, ही गोष्ट साधी नाही.

पहिली निवडणूक कधी झाली?

९ डिसेंबर १९६३ रोजी. तेव्हा गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश होता आणि विधानसभेच्या ३० जागांपैकी २८ गोव्यात होत्या. सगळ्यांना वाटत होते की मुक्ती मिळवून देणारी काँग्रेस सहज जिंकेल. गोव्याच्या २८ जागांत काँग्रेसला एकही मिळाली नाही. तिची एकमेव जागा दमणमधली. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, आणि त्याचे मित्र मिळून १६ जागा आणि विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते.

१९६७चा जनमत कौल काय होता? विलीनीकरण किती मतांनी हरले?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातल्या मतदारांना दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पाने. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने आधीच राजीनामा दिला होता.

मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. संघप्रदेशाला १,७२,१९१, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. अवैध मते ७,२७२. ती सगळी एकीकडे गेली असती तरी निकाल फिरला नसता.

विलीनीकरण हरले, तरी मगो लगेच पुन्हा कसा जिंकला?

मार्च १९६७ मध्ये, म्हणजे कौलानंतर दोनच महिन्यांत, निवडणूक झाली आणि मगोने ३० पैकी १६ जागा घेतल्या. युनायटेड गोवन्स १२ वरच राहिला. वरवर पाहता हे विसंगत दिसते, पण मतदारांना दोन वेगळे प्रश्न विचारले होते आणि त्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

कौलात ख्रिस्ती मते विलीनीकरणाविरुद्ध जवळपास एकगठ्ठा पडली आणि त्यांना हिंदूंमधल्या एका मोठ्या गटाची जोड मिळाली. नोकऱ्या, स्वतःची विधानसभा, दारूबंदीची भीती, कोंकणीची आस्था, अशी कारणे अनेक होती. सरकार निवडताना मात्र बहुजन समाजासमोर भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) हा प्रश्न होता. ज्याच्या जमिनीवर आपली झोपडी आहे तो मालक उद्या बाहेर काढील, ही धास्ती खेडोपाडी होती. १९६४चा कूळ कायदा, गावोगाव उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळा, आणि बहुजनांतून आलेला मुख्यमंत्री, हे मगोने दिले होते. पुढे शशिकला काकोडकर यांच्या काळात १९७५चा मुंडकार कायदा आणि कसणाऱ्याला जमीन देणारी १९७६ची कूळ कायद्यातली दुरुस्ती झाली. मगोच्या मतांना नुसते ‘महाराष्ट्रवादी’ म्हटले की ही सगळी बाजू दिसेनाशी होते.

मग मगो मागे का पडला?

बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी गेले. १९७२ साली १८ जागा होत्या, १९७७ साली १५, आणि जानेवारी १९८० मध्ये फक्त ७. मधल्या काळात, एप्रिल १९७९ मध्ये, पक्षातल्या फुटीने सरकार पडले होते. तोवर युनायटेड गोवन्सचा मतदारही काँग्रेसकडे सरकला होता, आणि प्रतापसिंह राणे यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे दीर्घ पर्व सुरू झाले. जमिनीचा प्रश्न कायद्याने बराच मार्गी लागला, विलीनीकरण मागे पडले, ३० मे १९८७ रोजी घटकराज्य मिळाले, आणि मगोच्या मूळ मागण्यांत फारसे काही उरले नाही. तरीही १९८९ साली चाळीस जागांच्या पहिल्या निवडणुकीत मगोने १८ जागा घेतल्या होत्या, काँग्रेसने २०. खरी उतरण नंतरची : १९९४ साली भाजपशी युती केली, मगोला १२ आणि भाजपला ४ जागा मिळाल्या, १९९९ साली भाजप १० आणि मगो ४. नव्या काबिजादींतला हिंदू बहुजन मतदार पाच वर्षांत एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेला.

भाजप फक्त हिंदू मतांवर जिंकतो का?

तसे असते तर २०१२ साली २१ जागा मिळाल्या नसत्या. मनोहर पर्रीकर यांनी कॅथलिक उमेदवार दिले आणि ते निवडून आले. २०१७ साली भाजपच्या १३ आमदारांत निम्म्याहून अधिक कॅथलिक होते. त्यांतल्या बहुतेकांची स्वतःची मते होती, पक्षाची नव्हेत. उमेदवार ज्या पक्षात गेला तिकडे ती गेली.

एका मतदारसंघात किती मतदार असतात, आणि त्याने काय फरक पडतो?

२०२२ साली राज्यात साधारण साडेअकरा लाख मतदार होते. चाळीसने भागले की एका मतदारसंघात २९ हजारांच्या आसपास. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांपेक्षा जास्त आहे.

फरक सगळ्याच बाबतींत पडतो. मतदान ७९ टक्के झाले तर पडतात २३ हजार मते. चार-पाच उमेदवार असले की सात-आठ हजार मतांत माणूस आमदार होतो. एवढी मते एखादा नेता लग्न, आजारपण, नोकरीची चिठ्ठी, घराचा परवाना या मार्गांनी स्वतः बांधू शकतो. पक्षाचे चिन्ह मग दुय्यम ठरते.

२०२२चे काही निकाल पाहा : सांत आंद्रेत ७६ मतांचा फरक, फोंड्यात ७७, प्रियोळात २१३, नावेलीत ४३०, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या साखळीत ६६६, पणजीत ७१६. ७६ मते म्हणजे एका वाड्यावरची दहा-पंधरा घरे. टपाली मते, मतदार यादीतली दुबार नावे, एका कुटुंबाचे रुसणे यांतले काहीही तिथे निर्णायक होऊ शकते. पर्ये मतदारसंघात मात्र १४ हजारांच्या घरात मताधिक्य होते, म्हणजे सगळीकडे चुरस असतेच असे नाही.

२०२२ साली भाजपला ३३ टक्के मतांत निम्म्या जागा कशा मिळाल्या?

मते फुटली म्हणून. ४० जागांसाठी ३०१ उमेदवार होते. भाजप ३३.३ टक्के आणि २० जागा, काँग्रेस २३.५ टक्के आणि ११ जागा. उरलेली मते मगो, आम आदमी पक्ष, तृणमूल, गोवा फॉरवर्ड, रिव्होल्युशनरी गोवन्स आणि अपक्षांत वाटली गेली. आम आदमी पक्षाला दोन, मगोला दोन, गोवा फॉरवर्डला एक, रिव्होल्युशनरी गोवन्सला एक, अपक्ष तीन. तृणमूलला एकही नाही.

‘६७ टक्के मते भाजपविरोधी’ हे वाक्य मात्र जपून वापरावे. मगो निवडणुकीत तृणमूलबरोबर होता आणि निकालानंतर भाजप सरकारात गेला. त्याची मते विरोधात मोजायची की बाजूने?

गोव्यात आमदार इतके का फुटतात?

लहान सभागृह हे पहिले कारण. बहुमताला २१ लागतात, तेव्हा दोघे-तिघे हलले की सरकार डगमगते. १९९० ते २०००च्या दशकात मुख्यमंत्री भराभर बदलले ते यामुळे.

दुसरे कारण कायद्यातले. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. गोव्याचे १५ टक्के म्हणजे सहा. पण छोट्या राज्यांना किमान बारा मंत्र्यांची सूट आहे. म्हणजे २१ जणांच्या बहुमतात बारा जण मंत्री होऊ शकतात, शिवाय महामंडळे आहेतच. आमदारांच्या संख्येच्या मानाने एवढी पदे मोठ्या राज्यांत वाटायला हाताशी नसतात.

तिसरे, त्याच दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली, दोन-तृतीयांश विलीनीकरणाची उघडी ठेवली. लहान पक्षात दोन-तृतीयांश जमवणे सोपे. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये गेले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा. १४ सप्टेंबर २०२२ रोजी अकरांपैकी आठ. तिन्ही वेळा कायद्याला लागणारा किमान आकडा, एकही जास्त नाही. मतदारांनी याचा हिशेब कधी कधी चुकता केला आहे, पण फुटलेला आमदार नव्या चिन्हावर पुन्हा निवडून आल्याचीही उदाहरणे आहेत. ज्या पक्षाला मत दिले तो पक्ष सहा महिन्यांत विधानसभेत उरत नाही, हे मतदाराच्या वाट्याला वारंवार येणे लोकशाहीला मारक आहे.

२०१७ साली काँग्रेसच्या जागा जास्त होत्या ना?

होय, १७ विरुद्ध भाजपच्या १३. भाजपने मगो, गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांची पत्रे आधी मिळवली. १६ मार्च २०१७ रोजी पर्रीकर यांनी २२ विरुद्ध १६ असा विश्वासदर्शक ठराव जिंकला. राज्यातल्या सर्व मतदारसंघांत व्हीव्हीपॅट (दिलेले मत कागदी चिठ्ठीवर दाखवणारे यंत्र) वापरलेली ही देशातली पहिली विधानसभा निवडणूक.

लोकसभेला दोन गोवे वेगवेगळे मत देतात, ते का?

उत्तरेत श्रीपाद नाईक १९९९पासून सलग सहा वेळा निवडून आले आहेत. दक्षिण मात्र डोलती आहे : २०१४ साली भाजप, २०१९ साली काँग्रेस ९,७५५ मतांनी, २०२४ साली पुन्हा काँग्रेस १३,५३५ मतांनी. सासष्टीतले मतदान किती होते आणि काँग्रेसची आघाडी तिथे किती हजारांची राहते, यावर दक्षिणेचा निकाल ठरतो. फोंडा, सावर्डे, सांगे, काणकोण ही आघाडी खाऊ लागतात. निकालाच्या दिवशी सासष्टीच्या फेऱ्या आधी बघाव्यात.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्याला मतदान करता येते का?

नाही. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये नोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि मतदार यादीतले नाव कमी व्हायला हवे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मतदान होत नाही.

आखातात किंवा जहाजावर काम करणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असणाऱ्या गोमंतकीयाचे तसे नाही. परदेशात राहणारा भारतीय फॉर्म ६अ भरून नाव नोंदवू शकतो. मतदानाला मात्र स्वतः केंद्रावर यावे लागते.

एखाद्या मतदारसंघाचा निकाल स्वतः तपासायचा तर कसा?

गोव्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून त्या मतदारसंघाचा फॉर्म २० काढा. त्यात केंद्रनिहाय मते असतात. नंतर त्याच वर्षीची मतदान केंद्रांची यादी घ्या आणि कोणते केंद्र कोणत्या वाड्याचे ते जुळवा. केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीत बदलू शकतात, म्हणून २०१७चे केंद्र १२ आणि २०२२चे केंद्र १२ एकच आहे असे धरू नका. शाळेचे नाव आणि खोली पाहा. टपाली मते फॉर्मच्या शेवटी वेगळी असतात, ती बेरजेत घ्या.

२००७पर्यंतचे आणि २०१२पासूनचे निकाल थेट ताडून पाहू नका. मधे फेररचना झाली. धारगळ, पाळी, पैंगीण ही नावे यादीतून गेली आणि नाव तेच राहिलेल्या मतदारसंघांचीही गावे बदलली. धर्म आणि भाषेचे आकडे जनगणनेत तालुक्यापर्यंत मिळतात, मतदारसंघनिहाय मिळत नाहीत. ‘अमुक मतदारसंघात ख्रिस्ती ४२ टक्के’ असे कुणी लिहिले, तर ते मतदार यादीतल्या नावांवरून काढलेले असते, आणि लग्नानंतर बदललेली आडनावे व दोन्ही धर्मांत आढळणारी आडनावे यांमुळे त्यात चूक राहते.

पंचायत निवडणुकीवरून विधानसभेचा अंदाज बांधता येतो का?

फारसा नाही. राज्यातल्या १९१ पंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, आणि निकालानंतर प्रत्येक पक्ष त्याच पंचांना आपले म्हणतो. जिल्हा पंचायतीच्या ५० जागा पक्षचिन्हावर लढवल्या जातात. अंदाज बांधायचा तर त्या पाहाव्यात, आणि तिथेही अपक्ष कोणत्या आमदाराचा माणूस आहे हे आधी विचारून घ्यावे.